उद्घाटनाला या, जरा लवकर या

हातात एकरकमी पैसा आला की मराठी माणसाला हल्ली तीन गोष्टी सुचतात. थार, पोराचं लग्न आणि हॉटेल. पहिल्या दोन निदान फोटोत तरी टिकतात.

रिंगरोडला जमीन गेली, मोबदला आला. कंपनीनं नारळ दिला, हिशेब मिळाला. साहेब निवृत्त झाले, फंड जमा झाला. यातलं काहीही एक घडलं की घरात बैठक बसते आणि ठराव पास होतो : आपण हॉटेल काढायचं.

का? तर ‘लोक खायचे थोडेच थांबणार आहेत?’

नाहीत थांबणार. पण ते तुमच्याकडेच खातील, असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय?

काही घरांत हा ठराव वहिनींच्या पुरणपोळीवरून मांडला जातो. ‘वहिनी, तुम्ही हॉटेलच काढा!’ हे वाक्य आजवर किती संसारांना महागात पडलंय, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. घरचे पाहुणे नावं ठेवत नाहीत, कारण ते पैसे देत नाहीत. बिल हातात पडलं की त्याच पोळीत गूळ जास्त होतो.

आणि हे कौतुक करणारे नातेवाईक? उद्घाटनाला सहकुटुंब येतात. पुष्पगुच्छ ठेवतात, दोनदा बासुंदी घेतात, ‘भरभराट होवो’ म्हणतात. पुढच्या रविवारी शेजारच्या हॉटेलात रांगेत उभे असतात. ‘तुमच्याकडे आलो तर तुम्ही पैसे घेणार नाही, संकोच वाटतो हो!’

असे संकोची लोक देव शत्रूलाही न देवो.

असो. ठराव झाला, आता जागा. गाळ्याचा मालक सहा महिन्यांचं डिपॉझिट मागतो, एजंट एक महिन्याचं भाडं घेतो, आणि दोघंही सांगतात, ‘लोकेशन सोन्यासारखं आहे.’ सोन्यासारखं आहे यात शंकाच नाही. भावच सांगतो.

मग इंटिरियरवाला येतो. त्याच्याकडे थीम असते. गेली काही वर्षं ती एकच आहे : वाडा. प्लायवूडचे खांब, त्यावर सागवानी रंग, भिंतीला कंदील, कोनाड्यात रेडिओ, कोपऱ्यात जातं. त्या जात्यावर कुणी कधी दळत नाही, पण त्याच्याशेजारी बसून प्रत्येक जण फोटो काढतो. भांडवलातलं निम्मं भिंतींना जातं आणि उरलेल्यातलं बरंचसं छताला. ताटात काय वाढायचं, हा विषय उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात निघतो.

म्हणूनच तिथलं पिठलं-भाकरी ३२० रुपयांना असतं. पिठल्याचे वीस, बाकीचे कंदिलाचे.

शहराबाहेर असाल तर थीम बदलते : चुलीवरचं मटण. चूल असते, खोटं कशाला बोला. दारातच असते, सारवलेली, वर मडकं. मटण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये शिजतं, एकोणीस किलोच्या निळ्या सिलिंडरवर. धुराचा वास हवा असेल तर महामार्गावरून ट्रक जातातच.

आता कागदपत्रं. गुमास्ता, अन्न सुरक्षेचा चौदा आकडी परवाना, महापालिकेचं आरोग्य खातं, अग्निशमनचा ना-हरकत दाखला, जीएसटी. पाटी मराठीत. स्पीकरवर गाणी लावायची तर त्याचंही वेगळं लायसन. शेजाऱ्यांचा ना-हरकत दाखला कुठेच मिळत नाही, त्यांची हरकत मात्र रोज रात्री अकराला पोलिसांना फोन करून स्वतः येते.

अग्निशमनच्या दाखल्यावरून कुणाला हसू येत असेल तर त्यानं मुंबईतल्या कमला मिलमधल्या हॉटेलांची आग आठवावी. २९ डिसेंबर २०१७. चौदा जीव गेले. त्यानंतर सगळ्या शहरांत तपासण्या झाल्या, गच्चीवरची बेकायदा छपरं पाडली गेली.

छपरं परत आली. गच्ची तीच आहे.

ज्यांना हे सगळं किचकट वाटतं, ते शहाणे म्हणतात, ‘जेवणात काही नाही रे, पैसा दारूत आहे.’ खरं आहे. फक्त तो सरकारलाही दिसतो. १४ जुलै २०२५ला राज्यभरातल्या परमिट रूम आणि बारवाल्यांनी एक दिवस शटर खाली ओढलं होतं. व्हॅट पाच टक्क्यांवरून दहा, परवाना शुल्क पंधरा टक्क्यांनी वर, आणि उत्पादन शुल्कात थेट साठ टक्क्यांची उडी. त्याआधी २०१६च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारू बंद करायला सांगितली, तेव्हा एका फटक्यात किती जणांचं ‘सोन्यासारखं लोकेशन’ पितळ झालं! पुढे सवलती मिळाल्या, वाटा निघाल्या. पण तोवर हप्ते थांबले होते का? बँकेचे म्हणतोय मी.

जीएसटीची गंमत तर गिऱ्हाईकाला ठाऊकच नसते. १५ नोव्हेंबर २०१७पासून एसी हॉटेलातल्या बिलावरचा कर अठराचा पाच टक्के झाला. टाळ्या वाजल्या. त्याच दिवशी हॉटेलवाल्याची इनपुट क्रेडिटची सोय गेली, तिथे कुणी टाळी वाजवली नाही. म्हणजे काय? तर भाड्यावर अठरा टक्के, फर्निचरवर अठरा टक्के, सीएच्या फीवर अठरा टक्के भरायचे, आणि त्यातला छदामही वळता करून घ्यायचा नाही. तो सगळा खर्चात धरायचा.

वर गिऱ्हाईक विचारणार, ‘कर कमी झाला ना, मग दर कसे वाढले?’

या लाइनीतले मुरलेले लोक एक साधा हिशेब सांगतात. शंभराचं बिल झालं तर तीस-पस्तीस रुपये मालाचे. वीस-पंचवीस पगाराचे. वीज, गॅस, पाणी, पॅकिंग मिळून दहा-बारा. भाडं पंधराच्या आत बसलं तर धंदा, बाहेर गेलं तर समाजसेवा. उरले तेरा ते पंचवीस. त्यातून बँकेचा हप्ता, फुटलेले कप, गणपतीची वर्गणी, नवरात्राची वर्गणी, माजी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि भावी नगरसेवकांच्या वाढदिवसाचा त्याहून मोठा फ्लेक्स.

आणि हे सगळं टेबलं भरलेली असताना. मंगळवारी दुपारी साडेतीनला कुठल्याही हॉटेलात डोकावून बघा. चार वेटर, एक मालक, आणि भिंतीवरचा टीव्ही बघणारा एकुलता एक पंखा दुरुस्तीवाला.

टेबलं रिकामी आहेत? काळजी कशाला? ॲप आहे ना!

बसा, हे जरा कागद-पेन्सिल घेऊन बघू. बिर्याणी, मेन्यूत ३०० रुपये. ॲपवर दिसायचं असेल तर सूट द्यावी लागते, तीही तुमच्याच खिशातून. वीस टक्के धरू. राहिले २४०. त्यावर ॲपचं कमिशन, पंचवीस टक्के धरलं तर ६० रुपये. त्या कमिशनवर अठरा टक्के जीएसटी, १० रुपये ८० पैसे. डबा, पिशवी, चमचा, रायत्याची ती न उघडणारी वाटी : १५. हातात १५४ रुपये २० पैसे. तांदूळ, मटण, तूप, मसाला १०५च्या खाली बसत नाही. उरले एकोणपन्नास रुपये वीस पैसे.

यातून आचाऱ्याचा पगार, गॅस, भाडं आणि वीज.

आणि ॲपवर वरच्या नंबरात झळकायचं असेल तर जाहिरातीचे वेगळे. नाही दिले तर तुम्ही एकेचाळिसाव्या नंबरला. तिथवर बोटानं सरकवत जाणारा माणूस भुकेला नसतो, बेरोजगार असतो.

झोमॅटो २००८ साली सुरू झालं तेव्हा त्याचं नाव फूडीबे होतं आणि काम एकच, हॉटेलांची मेन्यूकार्डं लोकांना दाखवणं. आज हॉटेलं त्यांना हिशेब दाखवतात. २०१९मध्ये हॉटेलवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं सवलतींच्या विरोधात ‘लॉगआउट’ मोहीम काढली. २०२२मध्ये स्पर्धा आयोगानं झोमॅटो आणि स्विगीच्या चौकशीचे आदेश दिले. हॉटेलवाले तावातावानं लॉगआउट झाले आणि रात्रीच्या ऑर्डरी बघून पहाटे पुन्हा लॉगइन.

गिऱ्हाईकाचा पत्ता ॲपवाल्यांकडे, फोन नंबर त्यांच्याकडे, सवय त्यांच्याकडे. तुमच्याकडे काय? कढई.

एवढी कटकट नको असलेल्यांसाठी एक सुटसुटीत मार्ग आहे. फ्रँचायझी. चहाची घ्या, मिसळीची घ्या, शोरम्याची घ्या. गुळगुळीत माहितीपत्रक असतं. ‘कमी गुंतवणूक, पहिल्या महिन्यापासून नफा, आठ महिन्यांत पैसे वसूल.’ मीटिंग तारांकित हॉटेलात होते. तिथला चहा मात्र त्यांच्या ब्रँडचा नसतो.

आठ महिन्यांत पैसे वसूल होणार असतील तर हे फ्रँचायझीवाले गृहस्थ स्वतःच्या पैशानं दोनशे शाखा का काढत नाहीत, असा प्रश्न सभागृहात कुणीही विचारत नाही. कारण सभागृह चेकबुक घेऊन आलेलं असतं.

उत्तर सोपं आहे. चहा तुम्ही विकायचा. ते शाखा विकतात. फी एकदा, मसाला दर महिन्याला, आणि तोही त्यांच्याचकडून घ्यायचा. मग तीनशे पावलांवर आणखी एक शाखा निघते. चौकशी केली तर कळतं की करारात ‘परिसर’ म्हटलंय, अंतर म्हटलेलं नाही.

आमच्या कोपऱ्यावर एक गाळा आहे. तिथे केकवाला आला. गेला. शोरमा आला, गेला. मग मिसळ आली, ढोल-ताशासकट. पहिल्या दिवशी वाहतूक अडली, दुसऱ्या महिन्यात वेटर दारात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायला लागले, आणि एका सोमवारी शटरवर कागद : ‘काही अपरिहार्य कारणास्तव हॉटेल दोन दिवस बंद राहील.’ ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. प्रत्येकानं जाताना टाइल्स, एक्झॉस्ट आणि थ्री फेजची जोडणी तिथेच सोडली. गाळामालकानं प्रत्येक वेळी भाडं वाढवलं, कारण काय तर ‘आता जागा फर्निश्ड आहे’.

त्या गाळ्यात पैसे कुणी कमावले? एकानंच. आणि त्यानं आयुष्यात कधी कांदा चिरलेला नाही.

भाडेकरूंना हे दिसत नाही का? दिसतं. पण प्रत्येकाला वाटतं, आधीच्याला चालवता आलं नाही.

यात हुशार म्हणजे स्लीपिंग पार्टनर. आयटीतले चार मित्र, प्रत्येकी दहा लाख, पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार, आणि पाचवा मित्र ‘वर्किंग’. हे चौघं दर शुक्रवारी ऑफिसातली माणसं घेऊन येतात, कोपऱ्यातलं टेबल अडवतात, स्टार्टरवर स्टार्टर मागवतात आणि बिलावर सही करून जातात. महिनाअखेरीला व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात, ‘फूड कॉस्ट एवढी हाय का येते रे?’ नफ्याची बातमी लागली की टक्क जागे. तोट्याची लागली की गाढ झोप.

वर्किंग पार्टनर काय करतो? तो मालक असतो. म्हणजे मंडईत जाणारा, मोटर लावणारा, तुंबलेली मोरी काढणारा आणि गल्ल्यावर बसणारा माणूस. कार्डावर ‘फाउंडर’ लिहितात.

मालकी कुणाची, हे एरवी कळत नाही, शनिवारी संध्याकाळी साडेसातला कळतं. बाहेर वेटिंगला बारा माणसं, आत तंदूर पेटलेला, आणि तंदूरवाला ॲप्रन काढून शांतपणे समोर येतो : ‘शेठ, हिसाब कर दो.’ पलीकडच्या हॉटेलानं दोन हजार जास्त कबूल केलेले असतात. उचल घेतलेली असते ती वेगळी. तिचा विषय काढायची हिंमत त्या क्षणी कुठल्याही शेठला होत नाही. दोनऐवजी तीन हजार वाढवले जातात.

सोमवारी तो गावी जातो. परत येणार? येईल की. पलीकडच्या हॉटेलात.

मग आपल्याकडे हटकून एक प्रश्न निघतो : शेट्टी लोकांना कसं जमतं? हा प्रश्न विचारणारा माणूस सकाळी आठला उठतो. ज्यांच्याविषयी विचारतो, त्यांच्या बापजाद्यांनी कपबश्या विसळण्यापासून सुरुवात केलेली असते. मोरी, मग भट्टी, मग काउंटर, मग गल्ला. आचारी पळाला तर डोशाच्या तव्यामागे मालक स्वतः उभा राहतो आणि गिऱ्हाईकाला पत्ता लागत नाही. आपला फाउंडर अशा वेळी आचाऱ्यांच्या ग्रुपवर ‘अर्जंट’ असा मेसेज टाकतो.

आणि जागा! जुनी नावाजलेली हॉटेलं बघून भारावून जाऊ नका, आधी त्यांचा भाडेकरार बघा. जागा एकतर स्वतःची, नाहीतर आजोबांच्या काळातली पगडी. इराण्यांनी मुंबईत कोपऱ्याकोपऱ्यावर कॅफे थाटले, कारण, असं सांगतात, बाकीच्यांना कोपऱ्याची जागा अशुभ वाटायची. आज कोपऱ्यावरच्या गाळ्याचं भाडं विचारून बघा. बाकीच्यांचं बरोबर होतं, असं वाटायला लागेल.

नाव मोठं असलं की चालतं, हीही एक समजूत. २००२ साली कुलाब्यात ‘तेंडुलकर्स’ उघडलं. सचिनचं! देवाचं हॉटेल! काही वर्षांत बंद झालं. पहिल्यांदा लोक बॅट बघायला येतात, दुसऱ्यांदा त्यांना भूक लागावी लागते. त्याच २००२ साली आशाबाई भोसलेंनी दुबईत ‘आशाज्’ काढलं, त्याच्या शाखा कुवेतपासून बर्मिंगहॅमपर्यंत गेल्या. बाईंना स्वयंपाकाची मुळात हौस, आचाऱ्यांना त्यांनी स्वतः शिकवलं. शंभर शतकं ठोकणाऱ्याला जे राखता आलं नाही, ते आपले निवृत्त डेप्युटी इंजिनिअर राखणार आहेत. गणपतीला प्रसादाचा शिरा उत्तम करतात, या भांडवलावर.

राहिली प्रसिद्धी. त्यासाठी रीलवाले आहेत. ‘नमस्कार मित्रांनो’ म्हणत येतात, पाच जण जेवतात, रश्श्याचं भांडं कॅमेऱ्यासमोर ढवळतात, बोटं चाटतात आणि ‘पैसे वसूल’ असं सर्टिफिकेट देतात. द्यायलाच हवं, त्यांनी दिलेले असतात कुठे? पुढच्या दुकानातही तेच वाक्य, तीच बोटं.

रीलनं भागत नसेल तर पैज लावा. २०२१मध्ये वडगाव मावळच्या एका हॉटेलानं चार किलोची मांसाहारी थाळी एकट्यानं तासाभरात संपवणाऱ्याला बुलेट जाहीर केली आणि देशभर नाव झालं. मग काय, गावोगाव पैलवान थाळ्या, सरपंच थाळ्या, खासदार थाळ्या. एका थाळीला मोटारसायकल, दुसरीला सोन्याची अंगठी. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना पहिल्यांदा निघाली तो गाजला. मागून आलेल्यांच्या दारात फक्त उरलेलं मटण नेणारी कुत्री गाजतात.

एवढं वाचून कुणी थांबेल, असा भ्रम मला नाही. याच आठवड्यात एका स्नेह्याचा फोन आला. कॅफे काढतोय. जागा बघून झाली, लोगो तयार आहे, नाव इन्स्टाग्रामवर घेऊन ठेवलंय. मेन्यू विचारला तर म्हणाला, ‘ते शेफ ठरवेल.’ शेफ कोण? ‘तो शोधतोय.’ सध्या फक्त डीप फ्रीजर हवा होता, नवा परवडत नाही, कुणी ओळखीचं आहे का?

आहे ना. बंद पडलेल्या हॉटेलांचं सामान उचलणारा एक व्यापारी माझ्या माहितीतला आहे. तंदूर, ग्राइंडर, स्टीलची टेबलं, बिलिंगचं मशीन, सगळं पाव किमतीत उचलतो आणि निम्म्या किमतीत पुढच्याला देतो. या लाइनीत इतका निवांत माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. स्नेही त्याच्या गोदामात गेला, फ्रीजरचं झाकण दोनदा उघडून-लावून बघितलं आणि विचारलं, ‘फार जुना नाही ना?’

‘जुना कुठला साहेब? तीन हॉटेलं झालीत फक्त. वर्षही झालं नाही!’